दोन गच्च्या, एक दर

मे महिन्याचा शेवटचा रविवार. सोसायटीची पाण्याची टाकी धुऊन घ्यायची होती. टाकी धुणारे दोघे सकाळीच आले आणि सेक्रेटरी म्हणून त्यांच्यामागे उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. उभं राहिलं नाही तर ते तळाचा गाळ तसाच ठेवतात, हा मागच्या वर्षीचा अनुभव.

आमची इमारत डोंबिवलीत, मानपाडा रस्त्यापासून थोडी आत, पाच मजल्यांची. गच्चीवर टाकीशेजारी मोबाइल कंपनीचा टॉवर आहे. एके काळी तिथे तीन कंपन्यांचे तीन खांब होते, आणि तेव्हा कंपन्या आमच्या मागे लागायच्या. एकीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून दिलं. दुसरीने तिच्यापेक्षा जास्त भाडं कबूल केलं. तिसरीचा माणूस दिवाळीला कमिटीतल्या प्रत्येकाच्या घरी काजूकतली देऊन गेला. स्टेशनबाहेर छत्र्या लावून पोरं फुकट सिमकार्डं वाटत, आणि कुठलं महाग वाटलं की आम्ही दुसरं घालायचो. मग एक कंपनी बंद पडली आणि उरलेल्या दोन एकत्र आल्या. पेपरात लिहून आलं की याचा ग्राहकांना फायदाच होईल. आमच्या गच्चीवरून दोन खांब उतरले.

उरलेल्या खांबाच्या भाड्यावर आमची लिफ्ट चालते. देखभालीचा करार आणि विजेचं बिल दोन्ही त्यातूनच. लिफ्ट वापरणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत नाही, पण चौथ्या मजल्यावरच्या काकांना पक्कं माहीत आहे. ते डायलिसिसला जातात, व्हीलचेअरवरून.

त्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं होतं. विलीनीकरणानंतर खर्चाचा फेरविचार चालू आहे, सबब यापुढे भाडं निम्मं मिळेल. महिनाअखेरपर्यंत संमती द्या, अन्यथा टॉवर दुसरीकडे हलवू. पत्र आणणारा माणूस वर म्हणाला, आजूबाजूचे याहून कमीत द्यायला तयार आहेत. त्याच आठवड्यात त्याच कंपनीने रिचार्ज महाग केला. मी तावातावाने बाजारात उरलेल्या दुसऱ्या कंपनीत, जिचा खांब आमच्याकडे कधीच नव्हता, नंबर पोर्ट करायला गेले, तर गल्लीतला मोबाइलवाला म्हणाला, "करून देतो ताई, पण त्यांचा पण शुक्रवारपासून वाढतोय." मी तशीच परत आले. पूर्वी एकाने भाव वाढवला की दुसरा स्वस्तात द्यायला टपलेलाच असायचा. आता दुकानं इतकी थोडी उरलीत की एकमेकांकडे बघून पाटी बदलतात. आमच्याकडून घेताना जास्त, आम्हाला देताना कमी. दोन्ही बाजूंनी आम्हीच.

आमचे खजिनदार पहिल्या मजल्यावर राहतात, त्यांना लिफ्ट लागत नाही. ते आठवडाभर माझ्या मागे होते. "वहिनी, निम्मं तर निम्मं. सही करून टाका. उद्या तेही देणार नाहीत." मी सही केली नव्हती, पण पुढे काय करायचं हेही ठरलं नव्हतं.

टाकीत झाडू चालू होता, तेवढ्यात समोरच्या गच्चीवर मला ओळखीचा शर्ट दिसला. आमच्याकडे पत्र घेऊन आलेला कंपनीचा माणूस तिथे टेप लावून मापं घेत होता. समोरची इमारत इथल्याच जुन्या घराण्यातल्या दादांची. त्यांच्या आजोबांच्या वेळी तिथे भातशेती होती. मधे रिक्षा जाईल एवढीच गल्ली. दादा बनियनवर, हातात पाहुण्यासाठी चहाचा कप घेऊन उभे होते.

मी कठड्यापाशी गेले. "दादा, काय मोजताय?"

"टॉवर येतंय ताई, आपल्याकरं."

"किती देतायत?"

कंपनीच्या माणसाने टेप गुंडाळायला घेतली. "मॅडम, रेट कॉन्फिडेन्शियल असतो."

"तुमचा असेल. आमच्याकडे मेथीचा भावसुद्धा गच्चीवरून विचारतात."

दादांनी आकडा सांगितला. आम्हाला देऊ केलेल्या निम्म्या भाड्याहूनही तो कमी होता. वर म्हणाले, "तुमची सोसायटी तेवऱ्यालाच तयार झाली, बोलला यो. सही झाली म्हनं. मी जास्त मागितला तर टॉवर तिकरंच ठेवनार."

"कोणाची सही? सेक्रेटरी मी आहे. आणि आम्हाला हे सांगतात की तुम्ही कमीत द्यायला तयार आहात."

दादांनी त्या माणसाकडे पाहिलं. तो फोनमध्ये काहीतरी शोधत होता. दादांनी त्याच्यासाठी आणलेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

टाकी धुऊन होईपर्यंत मी हलले नाही. मग समोर गेले, तोवर कंपनीचा माणूस निघून गेला होता. दादा म्हणाले, "मना टॉवरची हौस नाय. पोरगा बोलला, येतंय तर घेऊ. पन तुमचा नाव घेऊन खोटा बोलला ना, ते नाय चालनार."

"मग असं करू. आमच्या जुन्या भाड्याच्या खाली तुम्ही गच्ची देऊ नका, आम्हीही देत नाही."

"नाय देत. आनि मंग तो पलीकरं गेला तर?"

पलीकडे कुठे जाणार, ते आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. एका बाजूला बैठ्या चाळी, दुसऱ्या बाजूला पाडून पुन्हा बांधायला काढलेली इमारत, हिरव्या कापडात गुंडाळलेली. गल्लीत उंच गच्च्या दोनच.

संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून कमिटीची बैठक घेतली. खजिनदार ऐकून म्हणाले, "वहिनी, याला संगनमत म्हणतात. बरोबर नाही हे."

"दोन कंपन्यांनी केलं की विलीनीकरण, आणि दोन गच्च्यांनी केलं की संगनमत?"

कोणीतरी हसलं. ते हसले नाहीत. "आणि टॉवर खरंच गेला तर?"

तो प्रश्न योग्यच होता. "गेला तर गेला," मी म्हणाले. "मग लिफ्टचा खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये येईल. पहिल्या मजल्याच्याही. आजच सांगून ठेवते, नंतर कुरकुर नको. पण निम्म्यावर सही केली तरी लिफ्ट अर्धीच चालणार आहे. आणि पुढच्या वर्षी ते निम्म्याचं निम्मं करतील, कारण आपण एकदा मान डोलावलेली असेल."

काका व्हीलचेअरवर मागे बसले होते. म्हणाले, "सही करायची तर करा. फक्त खुर्चीसकट मला खाली उतरवायला कोण कोण येणार तेवढं सांगा. सकाळी लवकर निघावं लागतं."

खजिनदारांनी फोन काढला.

"रेंज आहे ना?" काकांनी विचारलं. या वेळी सगळे हसले, शेवटी खजिनदारही.

ठराव झाला: जुन्या भाड्याखाली गच्ची द्यायची नाही. मी तिथेच बसून कंपनीला उत्तर लिहिलं, तीन ओळींचं. रिचार्ज वाढवताना आमची संमती मागितली नव्हती, तेव्हा भाडं कमी करायलाही ती मिळणार नाही, अशी एक ओळ त्यात होती. खजिनदार म्हणाले ही ओळ काढा. मी ठेवली.

लिफ्टच्या देखभालीचा करार त्याच महिन्यात संपत होता. कंपनी काय म्हणते ते बघून नवा करार करू, असं सगळ्यांचं मत पडलं. मला ते पटलं नाही. आपण वाट बघत बसलोय, हे समोरच्याला कळतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या ऑफिसात उशिरा येते म्हणून कळवलं. लिफ्टवाल्याला बोलावून पूर्ण वर्षाचा करार केला. चेकवर दोन सह्या लागतात. माझी केली आणि पहिल्या मजल्याची बेल वाजवली. खजिनदारांनी तोंडात ब्रश धरूनच दार उघडलं. त्यांना काही बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं. मी पेन पुढे केलं.