सुकलाल दाजींचं जहाज

माझ्या बहिणीचे यजमान, सुकलाल दाजी, यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की घरातलं पितळ लपवून ठेवावं लागतं. उगाच बोलत नाही मी. गणपतीच्या आरासीतल्या उंदराचे डोळे फिरले पाहिजेत म्हणून या माणसानं उषाताईच्या देवघरातली घंटा कापली होती. उंदीर असे डोळे फिरवायचा की सुरतेतलं आमचं निम्मं नवागाम बघायला लोटलं. ताई घंटेवरून भांडत राहिली आणि दाजी मान डोलवत राहिले, कारण तोवर त्यांच्या मनात पुढचं काहीतरी सुरू झालं होतं.

दाजी मूळचे शिंदखेड्याकडचे. उधन्याला लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे बिघडलेले माग ठीक करणारे. सुरतेत आले त्या पहिल्याच सुट्टीत कोणीतरी त्यांना डुमसच्या किनाऱ्यावर नेलं आणि तिथे, लांब पाण्यात, उभी असलेली जहाजं त्यांनी पाहिली. तोवर गड्यानं वाहती नदीसुद्धा पावसाळ्यापुरतीच पाहिलेली. झालं, दर सुट्टीला डुमस. ताईला वाटायचं नवरा हौसेनं टमाट्याची भजी खायला घालतोय. भजी ती एकटीच खायची, हे भोळसट जहाजांकडे बघत बसायचे.

तर अशा माणसाच्या एकुलत्या लेकीला, आमच्या जयश्रीला, गोपालचं स्थळ आलं. मुलगा मगदल्ल्याकडे जहाजं बांधतात तिथे फिटर. एवढं ऐकलं आणि दाजी हो म्हणून मोकळे झाले. घरदार, माणसं, स्वभाव, सगळी चौकशी मागून ताईनं केली. हे सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षाचं, पंच्याण्णवचं. लग्न वैशाखातलं ठरलं, आणि सुपारी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी दाजींनी जाहीर केलं की पोरीच्या रुखवतात जहाज ठेवायचं.

आता रुखवत म्हणजे बायकांचं राज्य. नवरीच्या हातच्या वस्तू मांडायच्या, वऱ्हाडानं त्या बघायच्या, नावाजायच्या, मनात असेल तर नाकं मुरडायची. मण्यांचा ससा, लोकरीचं तोरण, कापसाची बाहुली. त्यात पुरुषानं बोट घालायचं नसतं. ताई तर उसळलीच. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मण्यांच्या सशाचा कान वाकडा झाला तर कोणाला कळत नाही, पण जहाज चुकलं तर नवरदेवालाच पहिल्या नजरेत कळणार. चारचौघांत तो हसला की पोरीनं जन्मभर ते ऐकून घ्यायचं. ताईनं बजावून ठेवलं की गोपाल हसला तर या घरात मी तुमच्याशी बोलणार नाही. दाजी म्हणाले, तो हसणार नाही, तो म्हणेल बरोबर आहे.

बोलून तर गेले, पण मग त्यांचीच झोप उडाली. जेवताना घास हातात धरून मला विचारायचे, "लीला, म्हणेल ना गं तो?" मी म्हणायचे, आधी घास तर गिळा.

सागाच्या फळीतून त्यांनी हातभर लांबीचं जहाज कोरलं. खाली लाल, वर काळं, मधल्या खोल्या पांढऱ्या. इथवर ठीक. मग पितळेचं पर्व आलं. गोपालनं सहज सांगून ठेवलं होतं की जहाजाचा लहान नमुना केला तर सगळ्यात आधी माप चुकतं; कठडा माणसाच्या कमरेइतका हवा. दाजींनी घरातला कोलम तांदळाचा एक दाणा उचलला आणि म्हणाले, हा माणूस. आता कठडा म्हणजे अर्धा दाणा, दरवाजा म्हणजे दाण्याहून थोडा उंच. त्या दाण्याला त्यांनी कप्तान नाव ठेवलं आणि बाटलीच्या झाकणात मानानं बसवलं. एकदा चिमणीनं कप्तानाला खाल्लं. ताईनं सणासाठी ठेवलेल्या बासमतीतला दुसरा दाणा आणून ठेवला आणि दाजी त्याच्या मापानं अख्खी शिडी करून बसले. ती जहाजाला लावली तर छप्पर फोडून वर. मग पुन्हा कोलमचा कप्तान नेमला.

करायचे हे, पण लावायची जयश्री. दाजींची बोटं लूमची, त्यांच्या चिमट्यात नांगर आला की थेट पलीकडच्या भिंतीवर उडायचा. जयश्री मात्र लहानपणापासून साड्यांवर खडे लावणारी. आमच्या गल्लीत सगळ्या बायका तेच करतात. काडीच्या टोकाला मेण लावायचं, मेणानं खडा उचलायचा, गोंदाच्या ठिपक्यावर टेकवायचा, काडी तिरकी करून सोडवून घ्यायची. तिनं तशाच काडीनं पितळेचे कठडे लावले, शिड्या लावल्या, चपलेला लावतात तसल्या बारक्या पितळी कड्यांच्या गोल खिडक्या लावल्या. दाजींनी उग्र वासाचा पक्का गोंद आणला होता, तो तिनं बाजूला सारला. त्याची तार सुटते आणि काम घाण दिसतं म्हणाली. तिचा भरवसा साडीच्या गोंदावर.

काय ते दिवस! वैशाखाच्या तोंडावरचं ऊन, आणि भाग उडतील म्हणून घरातला पंखा बंद. जयश्रीची काडी खाली यायला लागली की दाजी ओरडायचे, कोणी श्वास घेऊ नका. आम्ही खरंच घ्यायचो नाही. एकदा मला नेमकी शिंक आली. जहाजावरची घंटा, मोहरीहून लहान, गेली कुठच्या कुठे. ताई सोडून आम्ही सगळे जमिनीवर रांगतोय, गाद्या झटकतोय, आणि ताई चुलीपाशी उभी राहून म्हणतेय की तुमच्या मिशीत बघा. होती की मिशीत! जयश्री इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं.

जहाज झालं. सुंदर झालं, हे मला कबूल करावंच लागलं. दाजी त्याच्याभोवती फिरायचे आणि दर वेळी मला तेच विचारायचे. ताई मात्र जहाजाकडे बघायची नाही, बघायचीच नाही.

आणि लग्नाच्या दिवशी सकाळी तिचं मन फिरलं. जयश्री पार्लरमध्ये गेलेली. दाजी हायवेवर, वऱ्हाडाची बस वाट चुकू नये म्हणून. मी मांडवात पाटांचं बघत होते. ताईनं एकटीनं ते जहाज पाहिलं आणि तिला माया दाटून आली. म्हणाली असेल, माझ्या पोरीनं केलंय, आणि पितळ जरा काळवंडलंय. आमच्याकडे घरात कार्य असलं की समई, तांब्या, घागर, सगळं चिंचेनं लखलखीत करायचं असतं. मळकं पितळ मांडवात ठेवलं तर लोक बाईच्या नावानं बोलतात. ताईनं परातीत चिंचेचं पाणी केलं आणि जहाजाला मानाचं स्नान घातलं.

गोंद सुटतो म्हणून खड्यांच्या साड्या पाण्यात घालायच्या नसतात हे ताईला माझ्याइतकंच पाठ होतं. तिनं उभ्या जन्मात तसली साडी भिजवली नाही. पण त्या घटकेला तिला साडी दिसत नव्हती, पितळ दिसत होतं.

तिची किंकाळी ऐकून मी धावले. लाकडी जहाज तिच्या हातात, बोडकं. परातीच्या तळाशी सगळं पितळ चकाकतंय, कधी चकाकलं नव्हतं इतकं. मी हाक मारली तशी गल्लीतल्या बायका आल्या, लग्नाच्या शालूंत, नथी घालून. शेजारच्या वत्सलाबाईनं पदर खोचला, चहाच्या गाळणीनं पितळ गाळून घेतलं आणि काड्या आणायला सांगितल्या. वाद्यं वाजत होती, स्वयंपाकी तूप मागत होता, आणि आम्ही सगळ्या परातीभोवती बसून मेण मळत होतो.

हात तर सगळ्यांचे सरावाचे, पण कुठलं कुठे होतं ते आठवेना. मी ते जहाज रोज पाहिलेलं, देवाशपथ, मलाही आठवेना. मग वत्सलाबाईनं ठरवलं, साडी समजा आणि लावा. कठड्यांचा काठ झाला. खिडक्यांच्या बुट्ट्या झाल्या. दोन नांगर उंच डोलकाठीला डुलांसारखे लोंबले. उरला तीन पात्यांचा पंखा, जहाजाला मागून ढकलतो तो. वत्सलाबाईला ते फूल वाटलं. तिनं ते जहाजाच्या नाकावर बसवलं, नथीसारखं, आणि आम्ही सगळ्यांनी वाहवा केली.

दाजी आले ते वऱ्हाडासोबत नाचतच. त्यांची नजर रुखवताकडे गेली ती थेट अक्षता पडल्यावर. मी त्यांचा चेहरा पाहिला. पंक्तीत वाढायचं भांडं त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी खाली ठेवलं. पुढे काही करावं तर नवरदेव निघालाच होता जहाजाकडे. उपरण्याची गाठ बांधलेली, त्यामुळे जयश्री मागून ओढली जातेय. तिनं जहाज पाहिलं आणि तोंडावर हात घेतला.

गोपाल वाकला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मुंडावळ्या बाजूला करून त्या नथीपाशी नाक नेलं. ताईनं माझा दंड असा धरला की दोन दिवस निळा होता.

दाजी पुढे झाले. त्यांना एवढंच सांगायचं होतं की हे असं नव्हतं, आमचं बरोबर होतं. पण त्यांनी ताईकडे पाहिलं, आणि चूक स्वतःवर घेत आमच्या अहिराणीत म्हणाले, "मनी चूक व्हयनी, जावईबापू. मीच उलटं लावं."

त्यावर ताई माझा दंड सोडून सगळ्या वऱ्हाडासमोर गेली. "ते खोटं बोलतस," ती म्हणाली. "मी धोयं. चिंच लाईसन."

गोपाल हसला नाही. त्यानं आधी कठड्यावरून बोट फिरवलं. मग कोणाला काही न सांगता तो जहाजासमोर मांडी घालून बसला, आणि गाठ बांधलेली म्हणून जयश्रीही बसली. त्यानं काडी मागितली. नाकावरचा पंखा नखानं सोडवला, मेणानं उचलायला गेला तर तो पडला, पुन्हा उचलला, पुन्हा पडला, आणि वऱ्हाडातल्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. जयश्रीनं त्याच्या हातातून काडी घेतली. शालू, चुडा, मेंदी, सगळं सांभाळत तिनं पंखा उचलला आणि मागे, होता तिथे, नेऊन टेकवला. नांगर खाली उतरवले. पंगत खोळंबली होती, पण कोणी हाक मारली नाही.

गोपाल उठला, धोतर झटकलं आणि सासऱ्यांना म्हणाला, "मामा, जहाज बरोबर शे. माप एकबी चुकनं नही."

दाजी आनंदानं उड्या मारतील असं मला वाटलं होतं. ते उभे राहिले नुसते, डोळे भरलेले, आणि गोपालकडे नाही, लेकीकडे नाही, ताईकडे वळले.

"आयकं का, उषा?"

"आयकं," ताई म्हणाली, आणि पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे.