सूचकाचा अंगठा

तीन वाजायला पस्तीस मिनिटं उरली होती आणि आमचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलावर अडला.

"हा अंगठा कुणासमोर घेतला?" त्यांनी विचारलं. माझ्यासमोर, असं मी सांगितलं. तो त्यांच्यासमोर हवा, असं म्हणून त्यांनी अर्ज परत सरकवला.

उमेदवाराचं नाव सुचवणारा मतदार म्हणजे सूचक. त्याला सही येत असेल तर घरी केली तरी चालते. अंगठा मात्र अधिकाऱ्यासमोरच उठवायचा. नियम मला तोंडपाठ होता. पण इतकी वर्षं साहेबांचा वकील म्हणून त्यांचे अर्ज भरून मी निर्धास्त झालो होतो आणि आदल्या दिवशी वस्तीवर जाऊन अंगठा घेऊन आलो. तीनला मुदत संपणार होती. अर्ज बाद झाला तर साहेबांची निवडणूक तिथंच संपली, आणि नगरच्या कोर्टात मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

साहेब म्हणजे नामदेवराव. मूळचे तिसगावजवळच्या वस्तीवरचे कोरडवाहू शेतकरी. आधी ग्रामपंचायत, मग झेडपी, मग चार वेळा आमदार. तरुणपणी त्यांच्याकडे एकच बैल आणि शेजारच्या गेनबाकडेही एकच, म्हणून दोघांनी सावड करून औत चालवलं. पहिल्या निवडणुकीपासून सूचक गेनबाच.

बाहेर सही करणारे शंभर कार्यकर्ते उभे होते. त्यांतला एक घेऊन नवा अर्ज लिहितो, म्हणून मी गयावया केली. साहेब म्हणाले, "गेनबाशिवाय जमणार नाही." मला मनापासून चीड आली. वस्ती दहा मिनिटांवर होती, गेनबाला आणायला मी मोटारसायकल पिटाळली.

गेनबा आला तेव्हा आठ मिनिटं राहिली होती. कांद्याला पाणी देता देता उठून आलेला, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मी शाईचं पॅड पुढं केलं. त्यानं अंगठा शाईत बुडवला आणि हात तसाच वर धरला.

"नामा, वढ्यावरच्या पुलाचं काय?"

अर्ज भरतानाचं व्हिडिओ शूटिंग चालू असतं. कॅमेऱ्यासमोर पूल कबूल केला तर आचारसंहितेचा भंग. मी साहेबांचा दंड दाबला.

"गेनबा, इथं मला बोलता येत न्हाई," साहेब म्हणाले. "काल का न्हाई बोललास?"

"काल वकील आल्ते. तू कुठं आल्तास? चार वर्सं झाली, वस्तीवर तुजं पाऊल न्हाई."

घड्याळाकडं बघण्याचंही मला धाडस होईना.

"बोलू नगं, ऐकून घे," गेनबा म्हणाला. "पावसाळ्यात वढा भरला की पोरींची साळा बुडती. माज्या नातीनं औंदा साळा सोडली."

एवढं बोलून त्यानं अंगठा टेकवला. साहेबांची मान खाली होती.

अर्ज वैध ठरला, साहेब निवडून आले. निकालानंतर हारतुरे टाळून ते आधी वस्तीवर गेले. पुढच्या पावसाळ्याच्या आत पूल झाला आणि नात परत शाळेत जायला लागली. मला फार बरं वाटलं.

सूचक शक्यतो सही करणारा निवडावा, असं मी नव्या वकिलांना बजावतो. मतदारांनी विचारलं तर सांगेन, अंगठा टेकवायची घाई करू नका.