बिनरेघेचं विमान

माझ्या धाकट्या बहिणीला निरोप द्यायला आमचे वडील, आबा, फाटकापर्यंतही आले नाहीत. आई गेल्यापासून घर तिनेच सांभाळलं होतं, आणि आता ती दिल्लीच्या एका इस्पितळात नर्स म्हणून निघाली होती. "जाय, मन्हं काय अडस?" एवढं बोलून ते आत गेले. तिच्या नोकरीचं ठरल्यापासून दोघांचा अबोलाच. दोघंही हट्टी, मधल्यामध्ये माझं भरीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं विमान मुंबईहून सुटणार होतं, म्हणून मी गच्चीवर मोबाइलमध्ये विमानांचा नकाशा उघडून उभा होतो. मुंबईहून दिल्लीला जाणारी बरीच विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात. थोड्या वेळाने आबाही वर आले. ऊन खायला, म्हणे.

आधी एक विमान लांब पांढरी रेघ ओढत गेलं. "हाई का?" आबांनी विचारलं. म्हटलं, नाही, तिचं मागून येतंय. मग तिचं आलं. नुसता चकाकता ठिपका, मागे काहीच नाही.

आबांचा चेहरा उतरला. "तिन्हा विमानले धूर का बरं नही शे?"

त्यांची सगळी नोकरी पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या बॉयलरवर झाली. हंगामात चिमणी धूर सोडत असली की वस्ती निवांत. धूर थांबला की आबा ताटावरून उठून पळायचे. "धूर नही तं आग नही," ते म्हणाले. "इंजन बंद पडनं का?"

मी नववीला विज्ञान शिकवतो, तेव्हा गप्प राहणं शक्यच नव्हतं. सांगितलं, तो धूर नाही, बर्फ आहे. इंजिनातून वाफ आणि काजळी बाहेर पडते. वर कडाक्याची थंडी. वाफ काजळीच्या कणांवर धरते आणि गोठते. काजळी कमी तर बर्फाचे कणही कमी. तिचं इंजिन चांगलं, स्वच्छ असेल.

"मंग पहिलावालं खराब व्हतं?"

तसंही नाही. हवा कोरडी असली तर रेघ लगेच विरते, ओली असली तर टिकते. दोन विमानांची उंची वेगळी, म्हणजे हवाही वेगळी. शिवाय काजळी अगदीच कमी असली, तरी इंधनातल्या गंधकाचे आणि वंगणाच्या तेलाचे त्याहून बारीक कण असतात, त्यांच्यावरही बर्फ धरतो. म्हणजे स्वच्छ इंजिनही रेघ सोडू शकतं. हे बोलता बोलता माझंच डोकं भंजाळलं. मग तिच्या विमानाला रेघ का नाही? इंजिनामुळे, उंचीमुळे की हवेमुळे? मला ठाऊक नव्हतं. वर्गात मी हे किती ठासून सांगतो!

"तुले तरी समजनं का?" आबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

एवढ्यात नकाशावरचं तिचं विमान सातपुड्यावर जाऊन थिजलं. पुढे सरकेचना. आमच्याकडे रेंज अशीच जाते, हे मला पक्कं माहीत आहे. तरी नकाशा पुन्हा पुन्हा बंद करून उघडला. वर पाहिलं तर ठिपकाही दिसेना. आबा कठड्याला धरून उत्तरेकडे बघत राहिले. मी दोनदा खाली चला म्हटलं, ते हलले नाहीत. मला त्यांचा राग आला, तिचा आला आणि त्या काजळीचाही आला.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. "दादा, पोहोचनू." आबांनी फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"तुन्हा विमानले धूर नही व्हता," ते दरडावून म्हणाले.

तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आबा, तुम्ही मन्हं विमान देखी ऱ्हायंथा?"

"मी कशाले देखू? गच्चीवर पापड राखी ऱ्हायंथू."

"आई गई तव्हपासून आपला घर पापड कोन करस, आबा?"

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हणाले, "तठे थंडी शे म्हंतस. स्वेटर घाली ले."