दाजींची धास्ती

दाजींच्या घरात 'फुगणे' या शब्दाला बंदी होती. तव्यावरची भाकरी त्यांच्याकडे फुगत नसे, ती 'यायची'. भिजत घातलेले हरभरे फुगत नसत, 'भरत' असत. नातीच्या वाढदिवसाला पाहुण्यांनी फुगे आणले, तर ते लावेपर्यंत दाजी अंगणात जाऊन बसले. शब्द तोंडातून काढला की ते घरात येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मला आधी ती थट्टा वाटली. नवीन ओळख होती, म्हणून मी मुद्दाम विचारलं, "काय दाजी, आज गाल का फुगलेत?" त्यांनी हातातला चहा खाली ठेवला, आत गेले आणि माशांच्या टाकीतला एकेक मासा न्याहाळून मगच बाहेर आले. तोवर चहाचं पाणी झालं होतं.

ते आमच्या हर्सूलच्या गल्लीचे दाजी. त्यांच्या बायकोचं, म्हणजे सुमनताईंचं, माहेर याच गल्लीतलं. दाजींनी नोकरी वाळूजच्या कंपनीत केली, संसार बजाजनगरात केला आणि निवृत्त झाल्यावर घर घेतलं ते थेट सासरच्या गल्लीत. त्यामुळे सगळी गल्ली त्यांचे मेहुणे-मेहुण्या. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, तेव्हा माझा मान जरा जास्त. मला ते 'मेव्हणीबाई' म्हणत आणि संधी मिळेल तिथं चिडवत. माणूस भित्रा मुळीच नव्हता. पाण्याच्या टँकरवाल्याशी सगळ्या गल्लीच्या वतीने भांडायला तेच पुढे असत, कुणाच्या घरात साप निघाला तर काठी घेऊन तेच जात. पण माशाचं पोट म्हटलं की हाच माणूस भरलं ताट बाजूला सारायचा.

हे मासे म्हणजे सिक्लिड. पुढच्या खोलीत भिंतभर टाकी, त्यात पिवळेधमक, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. मूळचे आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले, दगडावरचं शेवाळ खाऊन जगणारे. दाजींची पहिली टाकी बजाजनगरातच भरली होती. एकदा ते आणि ताई लग्नाला गावाकडे गेले आणि घर सांभाळायला ताईंचा भाऊ राहिला. भाऊ मायाळू. त्याला वाटलं, हे बिचारे हिरवी भुकटी खाऊन राहतात, आपण असताना तरी चार घास बरे खाऊ देत. त्याने स्वतःसाठी आणलेल्या खिम्यातला निम्मा टाकीत घातला. मासे तुटून पडले. भावाने फोनवर कौतुकाने सांगितलं, "दाजी, लई आवडीनं खातेत हो!" दाजी मिळेल त्या गाडीने परत आले. पण तोवर एकेक मासा कोपऱ्यात जाऊन बसला होता, पोटं टम्म, डोळे बाहेर. मिठाचं पाणी झालं, औषध झालं. टाकी रिकामी झाली. दाजी मेहुण्याला एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र नंतर कधीतरी म्हणाले, "उपाशी ठिवून एकबी मेला नाय माझ्याकडं, मेव्हणीबाई. मेले ते खाऊन मेले."

तेव्हापासून त्यांच्या टाकीत खाणं पडायचं ते चिमटीने. शेवाळाच्या गोळ्या, उकडून सोललेला वाटाणा, कधी पालकाचं पान. मासे काचेला तोंड लावून आशाळभूतासारखे वरखाली करत आणि आलेला पाहुणा हमखास म्हणे, "दाजी, भूक लागली वाटतं त्यांना." दाजी डबा काखेत धरून उभे राहत, जणू कुणी हिसकावून घेणार आहे. पाण्याचंही तसंच. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादल्यांवर पांढरे थर चढतात, डाळ शिजत नाही. पण हे मासे त्याच पाण्यावर खूश. दाजी ते पाणी ड्रममध्ये ठेवत आणि थोडं थोडं बदलत. एकदम कधीच नाही. शहागंजात माशांचं खाणं विकणारे एक चाचा होते. दाजी दर खेपेला डब्यावरचं बारीक अक्षर वाचून घ्यायला लावत, तेव्हा ते वैतागून म्हणत, "दाजी, तुम मछल्यां नै पालते, मछल्यां तुमकू पालते!" दाजी हसत आणि पुन्हा वाचायला लावत.

सकाळी टाकीचा दिवा लावायची त्यांची पद्धत मी कितीदा पाहिली. बटणावर बोट ठेवून ते डोळे मिटत. दिवा लावत आणि डोळे मात्र लगेच उघडत नसत. ताई आतून विचारत, "हायेत का सगळे?" मग ते डोळे उघडत, एकेकाला पाहत आणि सगळे धडधाकट दिसले की "हायेत" म्हणत. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. मी एकदा म्हटलं, "दाजी, एवढी भीती वाटते तर पाळता कशाला?" ते म्हणाले, "पोट दिसाया लागलं ना मेव्हणीबाई, म्हंजी आपल्याला लई उशिरा कळलं. ते दिसायच्या आधी वळखाया पायजे. म्हून बघतो." ते ऐकल्यावर मीही नकळत त्या काचेसमोर श्वास रोखून उभी राहायला लागले. भीती ही अशी शेजारच्या घरातून आपल्या घरात येते.

आता पिल्लांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातच अडकलेलं आहे. या माशांची मादी अंडी तोंडात घेते. पिल्लं सुटी होईपर्यंत आठवडेच्या आठवडे तोंड मिटून राहते आणि तेवढा काळ जवळजवळ काही खात नाही. दाजी म्हणत, "उपासाला बसली." तिला हलक्या हाताने लहान टाकीत हलवायचं, आत फुटक्या माठाचा तुकडा ठेवायचा, समोर कापड बांधायचं आणि घरात कुणी जोरात बोलायचं नाही. अडचण अशी की, ज्या मादीला पोटाचा रोग लागतो तीही पहिल्यांदा खाणंच सोडते. तेव्हा न खाणारी मादी दिसली की दाजी बॅटरी घेऊन तिचा जबडा बघत. जबडा भरलेला असला तर उपास. रिकामा असला तर दाजींचं तोंड पांढरं. "न खाण्याची दोन कारणं असत्यात," ते म्हणत, "त्यातलं कंचं, ते जबडा सांगतो."

त्या वर्षी श्रावण संपत आला होता आणि एक पिवळी मादी उपासाला बसली होती. मी ताईंकडे कढीपत्ता मागायला गेले. ताई ड्रममधून बादली भरून उचलत होत्या. बादली उचलली, परत ठेवली आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी धरायला पुढे झाले तर दंड हाताला लागला नुसतं हाड. ब्लाउजची बाही लोंबत होती. आणि निऱ्यांच्या खाली पोट मात्र पुढे आलेलं, हात लावला तर घट्ट, ताणलेलं.

"गॅस झालाय," ताई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"झाले असतील काई दिस. जेवण जात नाय. बरंच झालं, उपास होत्यात."

"दाजींना सांगितलंत?"

ताईंनी माझं मनगट धरलं. "काय सांगू? कुठला शब्द वापरून सांगू? मासा तसा झाला तर दोन दिस घास उतरत नाय त्यांच्या नरड्याखाली. मी तशी झाले म्हटलं तर हाय खातील ओ. एवढी पिल्लं सुटू दे. मग सांगते मीच."

मला एवढी भीती आयुष्यात वाटली नव्हती. ताईंचं पोट माझ्या तळहाताला अजून लागत होतं. पण पिल्लं सुटेपर्यंत थांबायचं हे काही मला पटलं नाही. मी सरळ पुढच्या खोलीत गेले. दाजी लहान टाकीवरचं कापड जरासं बाजूला करून बॅटरीने मादी बघत होते. मी म्हणाले, "दाजी, ताईंचं पोट फुगलंय."

त्या घरात तो शब्द पडला आणि मला वाटलं, दाजी आता मला घराबाहेर काढतील. ते मागे वळले नाहीत. बॅटरी तशीच चालू. मादीकडेच बघत त्यांनी विचारलं, "खात नाय का?"

ताई दारात येऊन उभ्या होत्या. घाईघाईने म्हणाल्या, "उपास हायेत माझे. सोमवार हाय, शनिवार हाय, चतुर्थी झाली…"

दाजी वळले. बायकोला नावाने हाक मारताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सुमन," ते म्हणाले, "आज बुधवार हाय."

ताईंनी पदर पोटावर ओढला. दाजी बॅटरी हातात घेऊनच त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, गालावरून बोट फिरवलं. रोज ताटाला ताट लावून जेवणारा हा माणूस, त्याला समोरचं ताट दिसलं नव्हतं. मला म्हणाले, "रिक्षा बघा मेव्हणीबाई."

दवाखान्यात पोटातून पाणी काढलं. डॉक्टरांनी गर्भाशयाशेजारच्या गाठीचं सांगितलं आणि पुण्याला न्यायला सुचवलं. मुलगा तिकडेच होता. जायच्या दिवशी सामान गाडीत चढत असताना दाजींनी मला टाकीसमोर उभं केलं. मोठी टाकी चाचा घेऊन जाणार होते. लहान टाकी, ती पिवळी मादी आणि नुकतीच सुटलेली तिची पिल्लं माझ्याकडे आली. गोळी खलबत्त्यात पिठासारखी कुटून, बोटाला चिकटेल तेवढीच, पण दिवसातून थोडी थोडी द्यायची, हे त्यांनी करून दाखवलं. "पाणी एकदम बदलू नका," म्हणाले. मग काहीतरी आणखी सांगायचं होतं, ते राहिलं. ताई गाडीत बसल्या होत्या, मांडीवर उशी धरून. मला हात केला आणि हसल्या.

पुण्याहून रोज सकाळी फोन यायचा. दाजी माशांचं विचारायचे, मी ताईंचं विचारायची. ताई दिवाळी पाहू शकल्या नाहीत. अस्थी घेऊन दाजी गोदावरीवर आले, पण हर्सूलला आले नाहीत. घर मुलाने भाड्याने दिलं. फोन बंद झाला. मीही केला नाही, कारण माशांखेरीज आमच्यात बोलायला ताई होत्या आणि दोन्हींचं नाव काढायची मला हिंमत नव्हती.

थंडी सरल्यावर चाचा मोठी झालेली पिल्लं घेऊन गेले आणि पिवळीच्या सोबतीला एक नर ठेवून गेले. उन्हाळ्यात तिने पुन्हा खाणं सोडलं. बॅटरी घेऊन बघितलं तर जबडा भरलेला. तरी मला खात्री वाटेना. रोज सकाळी दिवा लावताना मीच डोळे मिटून उभी. घरातले हसायचे. एका सकाळी माठाच्या तुकड्याभोवती इवलीइवली पिल्लं फिरताना दिसली आणि मला राहवलं नाही. मी पुण्याला फोन लावला.

"दाजी, पिल्लं सुटली."

मला वाटलं विचारतील, किती आहेत, काय देताय, पाणी कसं आहे.

"आई खाती का?" त्यांनी विचारलं.

मी फोन तसाच कानाला धरून टाकीपाशी गेले. चिमूटभर भुकटी टाकली. मादी अगदी रोड झाली होती, डोकं मोठं आणि अंग उतरलेलं. ती सावकाश वर आली. एक कण तोंडात घेतला, थुंकला. परत घेतला.

"खाल्लं, दाजी."

"नीट बघा."

"बघितलं. गिळलं तिनं."

दाजींना रडू फुटलं. मी त्यांना रडू दिलं. मग नाक ओढून ते म्हणाले, "पिल्लांचं काय, पिल्लं जगत्यात मेव्हणीबाई. तिला इचारत जा रोज, खाल्लं का म्हून."