कुठल्या गावच्या?

देवणीच्या नरसिंगराव गवंड्यांनी उभी हयात एका सवयीवर काढली. एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव, आणि आडनावावरून जात ताडतो. नरसिंगराव गाव सांगायचे आणि खिडकीकडं तोंड फिरवायचे.

लेक बुद्धप्रिया नर्स होऊन आयर्लंडला गेली तेव्हा ते हलके झाले होते. तिकडं आडनाव कुणाला कळतंय! पण तिकडं आडनावाची गरजच पडली नाही, कातडी पुरली. बसमध्ये पोरांच्या टोळक्यानं तिला विचारलं, कुठली तू. आणि उत्तराआधीच तिच्यावर थुंकून सांगितलं, तुझ्या देशात चालती हो. असं पुन्हा पुन्हा झालं. ती ड्युटीला पायी जाऊ लागली. मग झोप गेली. सुई टोचणं जमेना. उन्हाळ्यात ती परत आली ती घरातच बसली.

मनाच्या दुखण्याचे डॉक्टर लातूरला. पहिल्या खेपेला एसटीत शेजारी कुणी टेकताच ती घामानं भिजली, शिरूर अनंतपाळला उतरून माघारी फिरली. आई सुमनबाई म्हणाली, गाडी करून जावा. लेक म्हणाली, "न्हाई. मला माणसांत बसता आलं पाहिजे."

दुसऱ्या खेपेला बाप खिडकीशी, लेक मधे; गाठोडं घेऊन एक म्हातारी लेकीच्या शेजारी बसली.

"कुठल्या गावच्या गं, बाई?"

बुद्धप्रियानं मान खाली घातली. नरसिंगरावच म्हणाले, देवणीच्या. म्हातारीनं आडनाव विचारलं. त्यांचं तोंड आपसूक खिडकीकडं वळलं. तेवढ्यात लेकीची बोटं त्यांच्या बाहीत रुतली. ते थकल्यासारखे माघारी वळले.

"आम्ही बौद्ध हाव, मावशी. हिला परदेशात लोकांनी लई हिणवलं. झोप उडाली तिची. दवाखान्यात चाललो."

म्हातारीनं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. मग लेकीकडं बघून म्हणाली, "माझ्या सुनंलाबी झोपंच्या गोळ्या हायत. आधी आधी लई गुंगी येती. भिऊ नको."

ती उठून गेली नाही. मात्र गाठोड्यातली भाकरी एकटीनंच खाल्ली, यांना विचारलं नाही.

शिरूर अनंतपाळ आलं, गेलं. बुद्धप्रिया बसून राहिली.

लातूरला डॉक्टरांनी तिचं सगळं सावकाश ऐकून घेतलं. मग सहज बापाकडं वळून विचारलं, तुम्हाला झोप लागते का?

नरसिंगरावांचं तोंड सवयीनं खिडकीकडं वळलं. लेक त्यांच्याकडं बघत होती.

"न्हाई," ते म्हणाले. "कधीच न्हाई लागली."