गिरणीवरच्या कुरडया

दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात पिठाची गिरणी मी चालवते. हे मी मान वर करून सांगते, कारण ती विकायलाच काढली होती. लाईटचा काही नेम नव्हता आणि इंजिन लावलं की दळणाचे पैसे डिझेलमध्येच जायचे. बाया डबे घेऊन यायच्या, ताटकळायच्या आणि शेवटी दुसऱ्या गावाला जायच्या. सासऱ्यांनी गिरणी घेणारा माणूसही बघून ठेवला होता.

मी हायब्रिड सोलरचा हट्ट धरला. ऊन असलं की पॅनलवर मोटार चालते, ढग आले की लाईनची वीज घेते आणि दोन्ही नसलं तर थोडा वेळ बॅटरी धकवते. महाग होतं. पण माझा हिशेब सरळ होता. बायांना दळण स्वस्त नको होतं, आल्या आल्या मिळायला हवं होतं. सासरे म्हणाले, "एक उन्हाळा देतो तुला. बाया परत न्हाई आल्या तर गिरणी इकायची."

पापडाच्या उडदाची, शेवयांच्या गव्हाची घाई सुरू झाली आणि दारात डब्यांची रांग लागली. मी हवेतच होते. एका दुपारी लाईट गेली. डोक्यावर रखरखीत ऊन, म्हणून मी निवांत होते. थोड्या वेळात मोटार घरघरली आणि बसली. बॅटरीसुद्धा उतरली होती.

"लई कौतिक चाललं होतं सोलरचं," रांगेतली एक म्हणाली. बाकीच्या हसल्या. सासरे ओट्यावरून बघत होते.

धावत गच्चीवर गेले तर पॅनल दिसेचनात. त्यांच्यावर जुन्या साड्या ताणलेल्या, कोपरे चौकटीला गच्च बांधलेले आणि वर ओल्या कुरडया. गल्लीचं वाळवण आमच्याच गच्चीवर पडायचं, ही जुनी वहिवाट. पॅनल आले म्हणून ती कोण मोडणार?

"काच तापती, लवकर वाळत्यात," मी वरून ओरडले तसं खालून उत्तर आलं. कुरडया रांगेतल्या बायांच्याच होत्या. भांडायला मी कुणाला ऐकत नाही, पण त्या दिवशी जीभ आवरली.

"ऊन तुमच्या कुरडयांनीच खाल्लं तर मोटार काय खाणार?" मी म्हणाले. "आमच्या घरातल्या सगळ्या बाजा अंगणात टाकते. तिथं वाळवा."

कुरकुर करत त्या वर चढल्या. साड्या निघाल्या आणि मोटार सुरू झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पिठाच्या हातानंच पुसलं.

मग बाया कुरडया राखत अंगणात बसायच्या आणि बसल्या बसल्या दळणं व्हायची. दुसऱ्या गावाच्याही येऊ लागल्या. गिरणी बंद असायची तेव्हा पॅनलची वीज लाईनला जायची, त्यामुळं बिल उतरलं. इंजिन मी भंगारात घातलं. शेजारगावचा गिरणीवाला हायब्रिडची चौकशी करून गेला, तेव्हा मी त्याला चहा पाजून सगळं समजावलं.

उन्हाळा सरताना तो घेणारा माणूस आला. मी जात्याशी होते. सासरे ओट्यावरून उठले नाहीत.

"दळण आणलं असंल तर रांगंत उभं रावा," ते म्हणाले. "न्हाईतर सूनबाईला इचारा. गिरणी तिची हाय."