बाजूला बसायचे दिवस

हॉस्पिटलातले किस्से हॉस्पिटलातच ठेवायचे, असं मी रोज ठरवते. पण ते पर्समधून घरी येतातच, आणि लेकीचा लंगोट बदलताना हमखास बाहेर पडतात! मी सांगलीत समुपदेशक. आमच्याकडे जन्मतःच योनिमार्ग नसलेल्या मुली येतात. बहुतेकींना गर्भाशयही नसतं. आमच्या सर्जनबाई मांडीची कातडी घेऊन मार्ग तयार करतात. संसार होतो, पाळी आणि बाळंतपण मात्र नाही. (नावं बदललीत.)

* * *

माझी लेक झाली तेव्हा मी टेबलावरूनच ओरडले, "सगळं आहे ना? नीट बघा!"

"आहे गं बाई! वॉरंटी कार्ड देऊ?" सर्जनबाई म्हणाल्या.

मी पुन्हा बघायला लावलं. बाहेरून काहीच कळत नाही, हे दिवसभर इतर आयांना समजावणारी मीच!

* * *

आमच्या वॉर्डात सगळ्यांचं अपेंडिक्सच निघतं. म्हणजे भेटायला येणाऱ्यांना तसं सांगतात. एका मुलीची आत्या म्हणाली, "आवं, तिचं तर लहानपणीच काढलंय की!"

आई जागची हलली नाही. "ह्ये दुसरं!"

* * *

औंधकडची सुरेखा चोवीस वर्षांची, लग्न ठरलेलं.

"मुलाला माहितीये?" मी विचारलं.

"समदं. संपत म्हणला, मूल दत्तक घिऊ. पण त्याच्या आईला कळलं तर लग्न मोडंल, मॅडम."

गावात कुणाला संशय यायची सोय नव्हती. तिची आई, अक्का, तिला शाळेत असल्यापासून दर महिन्याला बाजूला बसवायची. वेगळं घोंगडं, वेगळं ताट.

"शेजारच्या बाया हिच्यावरनं आपल्या तारखा धरत्यात!" अक्का अभिमानानं म्हणाली.

* * *

ऑपरेशन झाल्यावर एका सकाळी अक्कानं सुरेखाच्या खाटेवर घोंगडं टाकलं, ताट वेगळं काढलं.

"अक्का, इथं कोण बघतंय?"

"सवय मोडली तर घरी चुकंल. आज तारीख हाय तिची."

मी हसले. दुपारी सुरेखा पोट धरून कळवळायला लागली.

सर्जनबाईंनी तपासलं. टाके उत्तम. "बीजांडकोश आहेत तिला. महिन्याला दुखू शकतं."

"पण नेमकं आजच?"

बाईंनी केसपेपरवर आजची तारीख लिहून ठेवली. त्या रात्री मी लेकीला अंथरुणात जरा जास्तच जवळ ओढलं.

* * *

दुसऱ्या दिवशी होणारी सासू न कळवता दारात!

"अपेंडिक्स!" कुणी विचारायच्या आत अक्का म्हणाली.

सासूबाईंनी घोंगडं बघितलं, ताट बघितलं. मग थेट त्या घोंगड्यावर जाऊन बसल्या.

"तारीख हाय व्हय?"

"व्हय," अक्का दोन पावलं मागं सरत म्हणाली.

"खरी असती तवा आय एवढी घाबरत न्हाई." त्यांनी सुरेखाच्या डोक्यावरनं हात फिरवला. "मी बी तुझ्यासारखीच गं. माझ्याबी पोटात काय न्हाई. माझी आय मला अशीच बसवायची. आधी काय दुखायचं न्हाई. मग दुखाया लागलं."

सुरेखा रडायला लागली.

"रडू नगं. लगीन ठरल्यापरमाणंच हुईल."

मला श्वास सोडावासा वाटला. अक्काला मात्र राहवेना. "आवं, मग तुमचा संपत?"

"दीड म्हैन्याचा आणला. कुणाचा, ते आमाला बी ठावं न्हाई." त्यांनी दाराकडं बघून हाक मारली, "संपत, आत ये रं!"

संपत आत आला. सासूबाईंचंच बाकदार नाक. तीच मधोमध दुभंगलेली हनुवटी. डाव्या भुवईवर तोच तीळ.

सासूबाई हसल्या. "समदी म्हणत्यात, माझ्यावरच गेलाय!"